लिहून देणार

बोरिवलीच्या नोंदणी कार्यालयात माझं काम एवढंच:
माणसाचा अंगठा धरायचा, काचेवर टेकवायचा,
हिरवा दिवा लागला की पुढचं टोकन.
कंत्राटी आहे. अकरा वर्षं झाली.
अंगठ्यावरून धंदा सांगतो मी.
शिंप्याचा टोचलेला, गवंड्याचा चुन्यानं खाल्लेला,
दलालांचा मऊ, लोण्यातून काढल्यासारखा.
चेहरे लक्षात राहत नाहीत.

साहेब दर दस्ताला तीन प्रश्न विचारतात,
वाचलासमजलामान्य,
एका दमात, एकच शब्द असल्यासारखे.
दुपारपर्यंत त्या खोलीत
नुसत्या माना हलत असतात.

बुधवारी टोकन सत्तेचाळीस.
हिरूबाय भानजी, राहणार मढ.
सोबत पुतण्या जयेंद्र, नव्या बुटांतला,
आणि एजंट पेडणेकर, ज्याला इथले पंखेही ओळखतात.
"काकीच्या नावावर मीटर करायचाय," जयेंद्र म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.

अंगठा धरला, टेकवला. लाल.
पदरानं पुसला. लाल.
डावा घेतला. लाल.
रेषाच नव्हत्या त्यावर. साठ वर्षांच्या मिठानं
आणि मांदेलीच्या काट्यांनी
अंगठा शिंपलीच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत.
पेडणेकर घड्याळ बघू लागला.
बाई मात्र निवांत.
"मशीन नाय म्हनतंय तवर
वाचून दाव ना पोरा, काय लिवलंय त्यात."

वाचणं माझं काम नाही.
पण माझा एक हात रिकामा होता.

"लिहून देणार: श्रीमती हिरूबाय धर्मा भानजी..."
"कोन लिवून देनार?"
"तुम्ही."
"मना लिवता येत नाय. मी कवा लिवून दिलं?"

रांगेत कुणीतरी हसलं.
"कायद्याची भाषा असते ती, आजी," पेडणेकर म्हणाला.
मी पुढे वाचत गेलो. हक्कसोडपत्र.
स्वखुशीने. मोबदला न घेता. कायमचा.
घर, पुढचा ओटा, मागची मासळी सुकवायची जागा,
चतुःसीमेसह.
मीटरमधला म सुद्धा कुठे नव्हता.
शेवटच्या पानावर दोन साक्षीदार,
"लिहून देणार यांना व्यक्तिशः ओळखतो" म्हणणारे,
बाकावर चहा पीत बसलेले.
तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "ये कोन?"

मग जयेंद्रकडे न बघता म्हणाली,
"कल्ला उचलून न बघता पापलेट घेनाऱ्याला
मी बाजारात येडा म्हनतंय, चाळीस वर्सं.
आनि आज मीच..."

तेवढ्यात हिरवा लागला.
अंगठा तिथंच राहिला होता, माझ्या हाताखाली,
आणि मशीनला अचानक ती बाई सापडली.
"झालं, झालं!" पेडणेकर उठला.
तिनं तव्यावरून काढावा तसा हात काढला.

साहेबांनी चष्मा वर केला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
ते तीन शब्द मला वेगवेगळे ऐकू आले.
वाचला?
"या पोरान वाचला."
समजला?
"आता समजला."
मान्य?
तिनं मान हलवली नाही.
कनवटीचं टोकन काढून टेबलावर ठेवलं.
"नाय."

साहेबांनी दस्तावर आडवा शेरा मारला.
जयेंद्र मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, प्रॉब्लेम झालाय.
परत जायचं म्हणजे त्याच्याच गाडीतून होतं.
ती जिन्यापाशी जरा थांबली,
परत येऊन मला विचारलं,
मढची बस कुठून सुटते.

जाता जाता पेडणेकर कानाशी म्हणाला,
तुझं कंत्राट मार्चपर्यंत ना रे?
हो, मार्चपर्यंत.
दिवसाला साठ अंगठे, गुणिले अकरा वर्षं,
असा एक हिशोब मी मांडायला घेतला
आणि मधेच टाकून दिला.

अठ्ठेचाळीस. तरुण जोडपं, पहिलंच घर,
एकशे बारा पानं, सगळी छान बांधलेली.
मुलीनं अंगठा आधीच पुढे केला होता.
बसा, म्हटलं. आधी कल्ला उचला.
दोघं माझ्याकडे बघत राहिली.